निळ्या ड्रमातले जीव

“उभा चीर,” हे म्हणाले. “आडवा कापलास तर दोन बादल्या होतील. उभा चिरला की पाळण्यासारखा होतो बघ.”

हे परसातल्या कट्ट्यावर उशीला टेकून बसले होते, आणि मी निळा ड्रम दोन्ही गुडघ्यांत धरून करवतीचं पातं ओढत होते. प्लास्टिकचा भुसा पातळावर पडत होता. हात भरून आले की मी थांबायची, आणि थांबले की हे म्हणायचे, दमलीस तर राहू दे, उद्या चिरू. पण उद्यावर काही टाकायची ह्यांची तयारी नव्हती, ते आवाजावरून कळायचं. मी पुन्हा पातं धरायची.

दारात आक्का जपमाळ घेऊन उभी होती.

“बायकोला सुतार केलास होय रे, बाबू?”

“नुसता सुतार न्हवं. अजून सळई तापवून भोकं पाडायचीत. लोहारकी पण शिकवतो.”

“हा दुकानातला ड्रम न्हवं? विषाचा?”

“पाण्याचा. ह्यात पहिल्यापासनं पाणीच भरलंय. विचार हिला.”

ते खरं होतं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांचं प्यायचं पाणी त्या ड्रमात असे, आणि रोज ते गाळून मीच भरत असे.

हे म्हणजे बाबगोंडा पाटील. वारणाकाठच्या आमच्या गावात ह्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. पिकावर मारायच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. उसाला, वांग्याला, द्राक्षाला कीड पडली की माणूस एक पान खुडून घेऊन यायचा. हे पान उलटं करून बघायचे आणि मागच्या फळीवरची बाटली काढून द्यायचे. बाबगोंडाचं औषध मारलं की रान झोपतंय, असं लोक कौतुकानं म्हणत.

आम्ही जैन. देवळात जाऊन आल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, दिवस मावळल्यावर जेवत नाही, आणि सकाळी उठून त्या दिवसापुरता एक नेम धरते. आज गोड नाही, आज तूप नाही, असा. पण मी जेवत होते ते ह्या दुकानावर. ते मला ठाऊक होतं, आणि त्याबद्दल मी कधी बोलले नाही.

आक्का बोलायची. राजाक्का, ह्यांची थोरली बहीण. लग्न होऊन थोड्याच दिवसांत पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आली. त्याच सुमारास ह्यांची आई गेली, आणि अंगावर पिणारा भाऊ आक्कानं शेळीच्या दुधावर वाढवला. भावानं दुकान उघडलं त्या दिवसापासून ती त्या दुकानाच्या पैशाचं खात नव्हती. तिच्या वाट्याच्या रानातलं धान्य वेगळ्या डब्यात, चूल वेगळी. विहिरीचं पाणी ती दुपदरी फडक्यातून गाळायची आणि फडक्यावर राहिलेले जीव त्याच विहिरीत परत सोडून यायची, जिथले जीव तिथं. चातुर्मासात काच लावल्याशिवाय दिवा पेटवायची नाही. राजाक्काच्या पायाखाली मुंगी मेली नाही, असं गाव म्हणायचं. मी एका घरात तिच्याबरोबर जन्म काढला. गाव खोटं बोलत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ह्यांचे डोळे पिवळे झाले. अन्न जाईना, पोट मात्र चढत गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं की यकृतात पसरलंय, आता घरी न्या, खातील ते द्या. मी बाहेर आले. हे बाकावर बसले होते.

“पान उलटं करून बघितलं का त्यांनी?” ह्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

दुकान बंद झालं. दुकानामागं घर, घरामागं परस. फुटलेल्या बाटल्या, उसवलेल्या पिशव्यांचा केर, धुतलेल्या मापांचं पाणी, सगळं इतकी वर्षं तिथंच गेलेलं. तिथं गवतही धरत नव्हतं. मी मोगरा लावून बघितला होता, तो बुडातून काळा पडला. तेव्हापासून पूजेची फुलं मी विकत आणत असे. हे आता दिवसभर कट्ट्यावर बसून त्या मातीकडे बघत. एकदा म्हणाले, “ही माझ्यानं मेली. एवढी जिवंत करून जातो.”

मला वाटलं, तापात बोलतायत. पण ह्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. ड्रम चिरायचा, त्यात गांडुळं पाळायची, त्यांचं खत मातीत मिसळायचं, मग तू मोगरा लाव. थोड्या वेळानं खाली बघत म्हणाले, “माझ्या हातानं एखादं वाढलेलं बघायचंय गं. एकदाच.”

आम्हाला मूलबाळ नव्हतं. मी करवतीचं पातं कुठं मिळेल ते विचारलं.

आक्काला हे पसंत नव्हतं. जीव कोंडून ठेवणं हा दोष आहे, शास्त्रात सांगितलंय, असं तिचं म्हणणं. ती देवळात पंडितांना विचारून आली. त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग ह्यांनी तिला आपल्या पद्धतीनं समजावलं.

“आक्का, गांडूळ पक्का जैन असतोय. कांदा खात नाही, लसूण खात नाही. तिखट नको, मीठ नको, तेल नको.”

“अन् जेवतोय कधी?”

“अंधारात.”

“मग कसला जैन तो,” आक्का म्हणाली, पण हसली. हसली म्हणजे तिनं परवानगी दिली, एवढं आम्हा दोघांना कळलं.

सळई चुलीत लाल करून मी ड्रमच्या बुडाला भोकं पाडली. हे शेजारी बसून सांगत गेले, मी घालत गेले. खाली विटांचे तुकडे, त्यावर वाळू, त्यावर नारळाच्या शेंड्या, मग उसाचा वाळला पाला, मग जुनं शेण. वरून ओलं पोतं. ड्रम चार विटांवर ठेवला. मुंग्या चढू नयेत म्हणून विटांखाली पाण्याच्या वाट्या ठेवूया, असं हे म्हणाले. आक्का म्हणाली, मुंग्या बुडून मरतील, त्यापेक्षा मी चुन्याची रेघ ओढते, चुन्याला मुंगी शिवत नाही, आल्या वाटेनं माघारी जाते. ह्यांना ते पटलं. तिनं पानाच्या डब्यातला नव्हे, भिंतीला लावायचा कोरडा चुना आणून चारी विटांभोवती सुबक रेघ ओढली. रांगोळी घालावी तशी.

गांडुळं मी नदीपलीकडच्या एका गोठ्यातून आणली. रिक्षात बादली मांडीवर धरली होती, वर ओलं फडकं. आतून काही आवाज येत नव्हता, पण बादली जिवंत आहे हे मांडीला कळत होतं. घरी आल्यावर ह्यांनी ओंजळ पुढं केली. मी त्यात थोडी माती घातली. ह्यांचे तळवे हळदीत बुडवल्यासारखे पिवळे झाले होते, आणि त्यावर ते लाल दोरे वळवळत होते. हे बराच वेळ तसेच बसले.

“आक्का, बघ,” शेवटी म्हणाले. “माझ्या हातावर हाय आन् जिवंत हाय.”

आक्कानं बघितलं. तिनं त्यांना हात जोडले.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. मी केळीच्या साली, भाजीची देठं बारीक करून आणायची, हे पोतं उचलून एका बाजूला घालायचे आणि लगेच झाकायचे, उजेड सोसत नाही म्हणून. पुढं ह्यांना उठवेना. कट्ट्यावरून अंथरुण आत आलं. मग मी संध्याकाळी पानावर चिमूटभर काळं खत घेऊन ह्यांना दाखवायची. चहाच्या पुडीसारखं रवाळ. हे ते नाकाशी नेत आणि डोळे मिटत. गोळी घेतल्यावर येत नसे ती झोप त्या वासानं यायची.

भाद्रपदात दशलक्षण पर्व लागलं. आमच्यात हे दिवस मोठ्या संयमाचे. त्यात पावसाळा, हवेत, पाण्यात, पानाखाली, सगळीकडे जीव. आक्का एक दिवस उपास, एक दिवस जेवण असं करत होती. ड्रमावर चिलटं दिसायला लागली, आत पांढरे बारीक किडेही झाले होते. सगळ्या गावानं हिरवी भाजी सोडलीय आणि आपल्या घरात कुजतंय, असं ती माझ्याजवळ दोनतीनदा बोलली. नंतर बोलायची थांबली. ह्यांना त्या दिवसांत सपाटून ताप होता, पोटातलं पाणी काढायला मिरजेहून माणूस बोलवावा लागला. मी अंथरुणापासून हललेच नाही. आक्काच म्हणाली, तू त्याच्याजवळ बैस, त्या जिवांचं मी बघते.

मी ह्यांना तसं सांगितलं.

“आक्का बघतीय?” ह्यांनी दोनदा विचारलं. ह्यांचा चेहरा एवढा निवलेला मी त्या आजारात दुसऱ्यांदा पाहिला नाही. “मग काळजी न्हाई. मला जगवलं तिनं शेळीच्या दुधावर.”

अनंत चतुर्दशीच्या आधी ताप उतरला. हे म्हणाले, मला बाहेर न्या, ड्रम बघायचाय. एका बाजूनं मी धरलं, एका बाजूनं आक्कानं. ह्यांना वजन असं राहिलंच नव्हतं, नुसतं पोट होतं. कट्ट्यावर बसवलं. मी पोतं उचललं.

ड्रमच्या काठाला आतून गांडुळं चिकटून वाळली होती. बाहेर पडायला चढत आली असतील आणि पोत्याखाली अडकली असतील. खाली सगळा गुंता, राखाडी, पांढुरका, लोंबलेला. मी काटकीनं वर-खाली करून बघितलं. कुठंच हालचाल नव्हती. साली जशा घातल्या तशाच पडल्या होत्या, कुजल्या नव्हत्या, वाळून वळल्या होत्या. त्यांच्यावर पांढरी पूड होती. मातीचा वास येत नव्हता. नाकाला काहीतरी झोंबत होतं.

ह्यांनी हात लांब केला आणि एक गांडूळ काठावरून सोडवून घेतलं. ते तुटलं.

आक्का ड्रमापाशी खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मी जपत होते रे ह्यांना,” ती म्हणाली. “रोज देवळाला जाताना वरनं चुना भुरभुरत होते. चुलीतली राख घालत होते. साल सडली की त्यात बारीक जीव पडतात, अन् तिथंच मरतात. सडायलाच नको म्हणून घालत होते मी. हात आखडता घेतला न्हाई, मूठमूठ घातला. तरी कसे मेले रे? काय कमी पडलं माझं?”

ह्यांनी सालीवरची ती पूड चिमटीत घेतली. अंगठ्यानं चोळली. मग आक्काकडे बघितलं. आक्काचा उपास होता त्या दिवशी. ओठ सुकले होते, हातातली माळ गळून मांडीवर पडली होती, आणि ती उत्तराची वाट बघत भावाच्या तोंडाकडे बघत होती.

“चुन्यानं काय होतंय, आक्का,” हे म्हणाले. “तू चांगलंच केलंस. माझा ड्रम चुकला.”

“पाण्याचा म्हणालास की.”

“तिथंच चुकलं. दोन सारखे होते दुकानात. हा औषधाचा निघाला.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. दुकानात दोन ड्रम कधीच नव्हते. हे माझ्याकडे बघत नव्हते.

आक्काचं रडणं थांबलं. ती उठून उभी राहिली. एरवी मृदू बाई, पण तेव्हा तिचा आवाज चढला.

“जन्मभर मारलंस ते पोटासाठी, म्हणून मी मनाची समजूत घालत होते. आता पोटात घास जाईना, तरी सुटलं न्हाई होय रे तुझ्या हातचं? आन् वर मला राखण बसवलंस त्यांच्यावर.”

“चुकलं, आक्का.”

“चुकलं म्हणून ते उठणार हायत का?”

“न्हाईत.”

ती विहिरीवर गेली, अंघोळ करून ओल्या पातळानं परत आली. तोवर मी ह्यांना आत आणून निजवलं होतं, आणि तिचा राग गेला होता. ह्यांच्या उशाशी बसली, ह्यांच्या कपाळावर हात ठेवला. ह्याचं प्रायश्चित्त घेतलं पाहिजे, म्हणाली. तुझ्यानं आता उपास व्हायचा नाही, तुझ्या वाटचे मी करते.

“कर,” हे म्हणाले. “तूच कर, आक्का.”

मी ड्रम ओढत परसाच्या टोकाला नेला, खड्डा काढला आणि सगळं पुरलं. चुन्यासकट. परत आले तर दिवेलागण झाली होती. आक्का देवळात गेली होती. आक्कानं काच लावून ठेवलेला दिवा ह्यांच्या उशाशी होता.

“चुन्यानं गांडूळ मरतं का?” मी विचारलं.

“मरतंय. एवढ्या चुन्यानं काहीही मरल.”

“मग असं का सांगितलंत?”

ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. “मी इतके मारलेत,” मग म्हणाले, “त्यात हे ओळखूसुद्धा येणार न्हाईत. तिचे हे पहिलेच झाले असते.” धाप लागली, थांबले. “तिच्याजवळ दुसरं हाय काय गं? नवरा न्हाई, पोर न्हाई. एवढं एकच तर हाय.”

“आणि तुमचं? तुम्हाला वाढलेलं बघायचं होतं.”

“राहिलं,” हे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी तिथंच बसून राहिले. थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड असतानाच हे म्हणाले, की तू खोटं बोलत नाहीस ते मला माहीत आहे. तुला बोल म्हणत नाही. तिनं विचारलं नाही, तर तू होऊन सांगू नकोस.

आक्कानं कधी विचारलं नाही. ती पुढं खूप वर्षं जगली. भावाच्या नावानं केळं सोडलं, कारण त्या ड्रमात केळीच्या साली होत्या. देवळातल्या बायकांना ती सांगायची, माझा भाऊ मनानं वाईट नव्हता, पण हातालाच विष होतं. बायका माझ्याकडे बघायच्या. मी वातीचा कापूस पिंजत बसायची. गेल्या चातुर्मासात आक्का गेली. शेवटपर्यंत शुद्धीत होती, नेम एकही मोडला नाही. म्हणून आता लिहिते.

त्या वर्षी पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. त्या दिवशी आम्ही लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतो, वर्षभरात कळत नकळत दुखवलं असेल त्याची. आक्का देवळातून आली. उपासांनी तिला चालवत नव्हतं, भिंत धरत आली. तिनं माझी क्षमा मागितली, मी तिची मागितली. मग ती ह्यांच्याजवळ बसली.

ह्यांचा श्वास तेव्हा वरच्यावर चालला होता. डोळे उघडे होते.

“बाबू, मी तुला फार बोलले त्या दिवशी,” आक्का म्हणाली. “मला क्षमा कर.”

ह्यांनी मान हलवली.

“आता त्यांची माग. त्या ड्रमातल्या जिवांची. मनात ठेवून जाऊ नकोस.”

ह्यांना हात उचलवेनात. मी दोन्ही तळवे धरून जुळवले आणि ह्यांच्या छातीवर ठेवले. ह्यांचे ओठ हलले. आक्का कान देऊन वाकली, आणि ह्यांनी म्हटलेला प्रत्येक शब्द तिनं मागून म्हटला, लहानपणी ह्यांना पाठ शिकवताना म्हणायची तसा. माझ्याच्यानं ते म्हणवेना. मी हात तेवढे धरून होते.

दुपारी हे गेले. आक्कानं डोळे मिटवले, हनुवटीला फडकं बांधलं, मग माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“रडू नकोस, सुलोचना,” ती म्हणाली. “क्षमा मागून गेला. ओझं घेऊन गेला न्हाई.”

“होय, आक्का,” मी म्हणाले.